तिसऱ्यांदा विचारलं तर

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझं बूड खुर्चीला टिकेनासं झालं. मूळव्याध नव्हती. हे आधीच सांगतो, कारण वसतिगृहाच्या आमच्या मजल्यावरच्या निम्म्या मुलांनी पहिला तर्क तोच केला, आणि एका परोपकारी आत्म्यानं तर मला न विचारता हवा भरलेली रबरी कडी आणून माझ्या पलंगावर ठेवली. माझं दुखणं वेगळं होतं. संख्याशास्त्राच्या तासाला बसलो की पहिली दहा मिनिटं बरी जायची. अकराव्या मिनिटाला पायांत मुंग्या, पंधराव्याला छातीत धडधड, आणि विसाव्या मिनिटाला मी वर्गाच्या बाहेर. दर वेळी कारण काय द्यायचं, हा अभ्यासक्रमाबाहेरचा एक विषयच होऊन बसला. खोकला झाला, फोन झाला, घोळणा फुटला. एकदा काहीच सुचेना तेव्हा मी "माफ करा, चुकीचा वर्ग" असं पुटपुटत, चार आठवडे ज्या वर्गात बसत होतो त्यातून चालता झालो. प्राध्यापकांनी मला दिशा समजावून सांगितली.

बाहेर पडून जायचं कुठं? तर कॉलेजच्या तळ्याभोवती. एक फेरी, दोन फेऱ्या, छातीतला ठोका जागेवर येईपर्यंत. मेंग वांग हा माझ्या खोलीतला जोडीदार. तो सेंट पॉलचा, लाओसहून आलेल्या हमाँग घरात सात भावंडांत वाढलेला मुलगा. कुणी एकटं फिरताना दिसलं की त्याला चैन पडत नाही. तो खिडकीतून माझ्या फेऱ्या मोजायचा.

"आज अकरा," तो म्हणायचा. "तळं विकत घेतोयस का रे ईवार?"

मी म्हणायचो, "हवा छान आहे." तेव्हा बाहेर गारा पडत असायच्या.

माझ्या दुखण्याची बातमी मजल्यावर पसरली आणि सल्ले सुरू झाले. हॉकी खेळणारा ब्रॅडी म्हणाला, रोज सकाळी बर्फाच्या पाण्यात बस. मी म्हटलं, बसता येत नाही हाच तर रोग आहे. तर म्हणे, उभा राहा. तत्त्वज्ञान शिकणाऱ्या एका मुलीनं सांगितलं की बसणं हीच मुळात गुलामगिरी आहे आणि माझे पाय क्रांती करताहेत. मेंगनं आपल्या आजीला फोन लावला. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि निदान केलं की पोराचा जीव कुठंतरी घाबरून मागं राहिलाय, आणि पोरगं त्याला शोधत फिरतंय. तिनं मंतरलेला पांढरा दोरा आणि उकडलेल्या कोंबडीचा डबा पाठवला. खरं सांगतो, एकूण सगळ्या निदानांत मला तेच पटलं. मी दोरा मनगटाला बांधला आणि कोंबडी खाल्ली. पण अकरावं मिनिट काही हटेना.

घरी मी काहीच सांगितलं नव्हतं. आई दर रविवारी फोन करायची.

"कसं चाललंय?"

"तसं काही वाईट नाही. तुझं?"

"तसं काही वाईट नाही."

आमचं गाव उत्तर मिनेसोटातलं, तीन पिढ्यांचा गाईंचा गोठा. आमच्याकडे 'तसं काही वाईट नाही' या वाक्यात जगातलं सगळं मावतं. वावटळीनं गोठ्याचं छप्पर उचलून शेजारच्या तालुक्यात नेऊन टाकलं, तेव्हा विम्याच्या माणसाला माझे वडील हेच म्हणाले होते. तो बिचारा चिकागोचा. त्यानं तसंच लिहून घेतलं आणि निघून गेला. यातून मी काही शिकायला हवं होतं.

शेवटी ऑक्टोबरअखेर मेंगच मला म्हणाला, "हे बघ, आजी झाली, कोंबडी झाली. आता त्या काउन्सेलिंगच्या ऑफिसात जा. माझी ताई गेली होती. मेली नाही ती."

"माझं एवढं काही नाहीये रे. खरी गरज असलेली माणसं असतील."

"तू आत्ता बोलताना खोलीत किती चकरा मारल्यास?"

मी थांबलो. मग तो वळला तेव्हा पुन्हा सुरू केल्या.

काउन्सेलिंगसाठी आधी संगणकावर एक फॉर्म भरायचा असतो. 'गेल्या दोन आठवड्यांत एका जागी बसवत नाही असं किती वेळा वाटलं?' उत्तरं चार: कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. खरं उत्तर 'रोज'. पण ज्या माणसाशी अजून ओळख नाही, त्याच्यासमोर पहिल्याच भेटीत एवढं रडगाणं? मी 'काही दिवस'वर खूण केली. मग ब्रॅडीचा हॉकीत मोडलेला गुडघा आठवला, त्याच्यासारख्यांचा हक्क आपण मारतोय असं वाटलं, आणि मी 'कधीच नाही' केलं. पुढच्या प्रश्नांची उत्तरंही याच चालीनं दिली. हा सगळा फॉर्म मी फोन हातात धरून, जिन्यावरून वरखाली करत भरला, हेही नोंदवून ठेवतो. फॉर्म पाठवताच उत्तर आलं: 'अभिनंदन! आपल्याला सध्या भेटीची गरज दिसत नाही.' सोबत एका पाणमांजराची चित्रफीत होती. ते पाठीवर तरंगत सावकाश श्वास घेत होतं. मी ती तीनदा पाहिली. पाणमांजराला बराच फरक पडलेला दिसला.

संगणकानं नापास केल्यावर मी स्वतः जाऊन उभा राहिलो. टेबलामागं साठीच्या बाई होत्या, अंगात घरी विणलेला स्वेटर, नावाची पाटी 'मार्लिस'.

"नाव काय बाळा?"

"ईवार स्कोगन."

"स्कोगन? कुठले? चर्चमागचे की दूधवाले?"

"दूधवाले."

"म्हणजे कार्लीनचा..." एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "मी काही विचारलं नाही, तू काही बोलला नाहीस. इथलं सगळं गुप्त असतं." मग त्यांनी कागद चाळले, खाकरल्या, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आईचा गुडघा कसा आहे रे?"

"तसं काही वाईट नाही."

"अरे देवा! इतका दुखतोय?"

माझ्या जिवात जीव आला. बाई आपल्याकडच्या होत्या.

"उद्या दोनची एक वेळ रिकामी झालीये," त्या म्हणाल्या. "देऊ तुला?"

"नको नको. दुसऱ्या कुणाला लागेल."

"अरे घे ना."

"छे, माझं काय अडलंय एवढं!"

"घे म्हणते ना."

"बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर."

वाचणाऱ्याला यात वेळेचा अपव्यय दिसेल. पण आमच्याकडची रीतच ती. कुठलीही गोष्ट पहिल्यांदा पुढं केली की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा केली की लाजून नको म्हणायचं. तिसऱ्यांदा केली की समोरच्याचं मन मोडू नये म्हणून घ्यायची. कॉफी असो, गाडीतून सोडणं असो, लग्नाची मागणी असो. माझ्या आजोबांनी आजीला दोनदा विचारलं आणि मग सहा वर्षं ताटकळत ठेवलं. ती गोष्ट घरात अजून दबक्या आवाजात सांगितली जाते.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी जेनीन पेट्रुचींच्या समोर बसलो. जेनीन न्यू जर्सीच्या, ऑगस्टमध्येच आमच्याकडे आलेल्या. चाळिशीच्या, चटपटीत. वाक्य माझ्या तोंडून सुटायच्या आत त्यांना कळलेलं असायचं.

"पाणी?"

"नको."

"बरं." आणि तो पेला त्या स्वतःच प्यायल्या.

मी म्हटलं, असेल, तहान लागली असेल. त्यांनी टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. "हे लागतील?"

"छे छे."

त्यांनी डबा उचलला आणि उठून मागच्या फडताळावर, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. "खिडकी लावू? गार वाटतंय?"

"नाही, ठीक आहे."

खिडकी पन्नास मिनिटं उघडी राहिली. बाहेर मोसमातला पहिला बर्फ पडत होता आणि त्यातला काही माझ्या बुटावर पडत होता.

"मग, कसं काय वाटतंय सध्या?"

आता घाव घालायचा, असं मी ठरवलं. इतके आठवडे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकायचं. मी श्वास घेतला, छाती भरून आली, आणि मी म्हटलं, "तसं काही वाईट नाही."

"वा!" जेनीन म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं.

मी तिथंच उठून चालू लागायला हवं होतं. पण गंमत अशी की त्या खोलीत अकरावं मिनिट आलं आणि गेलं. विसावंही गेलं. जेनीन त्यांच्या आजोबांच्या बेकरीबद्दल काही सांगत होत्या, मी आमच्या गाईंबद्दल सांगत होतो, पाय थंडीनं बधिर झाले होते, पण ते पळत नव्हते. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा मी एका जागी पन्नास मिनिटं बसलो होतो. हे माझ्या लक्षात आलं. इथं परत यायचं, एवढं एकच मला त्या क्षणी हवं होतं.

"तर ईवार, पुढच्या आठवड्यात येशील?"

"नको, उगाच तुम्हाला त्रास." असं म्हणून मी जाकिटाचं बटण लावलं आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहू लागलो.

"उत्तम!" जेनीन म्हणाल्या. "मग तुझी फाइल बंद करते. भेटून फार बरं वाटलं."

मी दारात पंधरा मिनिटं उभा राहिलो. आमच्याकडे निघतो म्हटल्यावर लगेच निघत नाहीत, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. मी हवेबद्दल बोललो. दाराच्या कडीची तारीफ केली. हातमोजा घातला, काढला, पुन्हा घातला. जेनीननी दोनदा घड्याळ पाहिलं पण एकदाही विचारलं नाही. मी जिन्यापाशी पोचतो न पोचतो तोच फोनवर पत्र आलं: 'आपली उद्दिष्टं पूर्ण झाली आहेत. आमच्या सेवेबद्दल मत द्या.' आता कुणाच्या पोटावर पाय कशाला आणायचा? मी पाच पैकी पाच तारे दिले. 'माझी अडचण सुटली' या वाक्यापुढं 'पूर्णपणे सहमत' लिहिलं, आणि मग तळ्याभोवती चौदा फेऱ्या मारल्या.

"वेड्या," मेंग म्हणाला, "तिनं विचारलं आणि तू नाही म्हणालास?"

"एकदाच विचारलं तिनं!"

"मग? किती वेळा विचारायचं? आमची आजी तर विचारतच नाही, सरळ ताटात टाकते."

"ती परकी आहे रे, तिला आपली रीत ठाऊक नाही."

"अरे, मग तू तरी एकदा तोंड उघड ना!"

त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं. पण एकोणीस वर्षं जी जीभ 'नको' म्हणायला शिकली, ती एका दिवसात कशी वळायची?

फाइल पुन्हा उघडायला वेगळा अर्ज होता. 'फाइल बंद झाल्यानंतर आपल्या स्थितीत काय बदल झाला?' असा त्यात प्रश्न होता, आणि मी तो अर्ज फाइल बंद झाल्यावर चार तासांनी भरत होतो. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'बूट वाळले.' अर्ज फेटाळला गेला. त्याच सत्रात फाइल उघडायची तर समुपदेशकाची स्वतःची शिफारस लागते, असं मार्लिसनी सांगितलं.

"मग जेनीनना जाऊन सांग ना, की मला यायचंय," त्या म्हणाल्या.

"असं तोंडावर?"

मार्लिस पुन्हा कागद चाळू लागल्या. त्यांनाही ते पटण्यासारखं नव्हतं.

तोंडावर सांगता येत नाही तेव्हा आमच्याकडे काम करून दाखवतात. जेनीनची छोटी लाल गाडी ऑफिसमागं उभी असायची, आणि नोव्हेंबरात रोज सकाळी गाड्यांच्या काचांवर बोटभर बर्फ चढायचा. मी ठरवलं, रोज त्यांची काच खरवडायची. त्या विचारतील, कोण करतं हे? शोध घेतील, मी सापडेन, मग त्या म्हणतील, अरे ईवार, येत का नाहीस? योजनेत खोट काढायला जागा नव्हती. शिवाय त्यात चालणं होतं, गाडीभोवती फेऱ्या होत्या, म्हणजे प्रकृतीलाही मानवणारं काम. पाच दिवस मी ती काच आरशासारखी ठेवली. सहाव्या दिवशी सुरक्षा विभागाचा माणूस माझ्या मागं येऊन उभा राहिला.

"या गाडीभोवती रोज काय करतोस?"

"बर्फ काढतो."

"कशासाठी?"

"एक फाइल उघडायची आहे."

ती गाडी जेनीनची नव्हती. ती शिस्तपालन विभागाच्या प्रमुखांची होती. विद्यार्थ्यांच्या बेशिस्तीच्या सगळ्या फायली त्यांच्याकडे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. मग माझ्या वाक्याचा अर्थ काय काढला गेला, हे वेगळं सांगायला नको. लेखी ताकीद आली. गोठ्यातल्या तीन पिढ्यांत कुणाला लेखी ताकीद मिळाली नव्हती. मी ती वाचत उभ्या उभ्या लाल झालो. पण शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'सदर विद्यार्थ्यानं काउन्सेलिंग घ्यावं.'

मी ते पत्र घेऊन मार्लिसकडे जवळजवळ धावत गेलो. "मिळाली शिफारस!"

त्यांनी चष्मा लावून पत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं. "बाळा, शिस्तपालनकडून आलं की आमच्याकडे नाही रे येत. त्यांचा वेगळा वर्ग असतो. राग आवरण्याचा. सहा तास."

"उभं राहून चालतं?"

"नाही रे, बसून."

आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी कळवलं होतं की आणखी दोन तास बुडाले तर नापास. मी विद्यार्थी कार्यालयात गेलो आणि कॉलेज सोडण्याचा अर्ज घेतला. एक पान. 'कारण' या रकान्यात मी 'वैयक्तिक' लिहिलं. पुढच्या शुक्रवारी दुपारी चारच्या आत खिडकीवर द्यायचा, म्हणजे सत्राचे शेरे कोरे राहतात, नापास लागत नाही. घडी करून मी तो खिशात ठेवला. मी घरी जाणार होतो आणि परत येणार नव्हतो. मला जायचं नव्हतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, मेंगलाही नाही.

त्या रविवारी आईचा फोन आला.

"कसं चाललंय?"

"तसं काही..." एवढंच बोललो आणि पुढचे दोन शब्द काही केल्या निघेनात.

पलीकडे गुरं हंबरत होती. मग आई म्हणाली, "कुठं जातोयस का तू कुणाकडे?"

"एक ऑफिस आहे. गेलो होतो एकदा."

"तिथं कॉफीबरोबर खायला काही असतं?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली, आणि ठेवला फोन.

बुधवारी चुलतभाऊ दुधाचा टँकर घेऊन शहराकडे जाताना एक मोठं पसरट भांडं देऊन गेला. त्यात लाल भोपळ्याच्या वड्या होत्या, वर बोटभर साय-साखरेचा थर. भांड्याच्या बुडाला, आमच्याकडच्या प्रत्येक भांड्याला असते तशी, चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलेलं: स्कोगन. मी ते काउन्सेलिंगच्या ऑफिसात नेलं. मार्लिसनी सांगितलं की विद्यार्थ्यांकडून भेट घ्यायला मनाई आहे. मग म्हणाल्या, ही भेट नाही, हे भांडं चुकून इथं राहिलंय. मग झाकण उघडून त्यांनी चुकून एक वडी घेतली.

पुढचं मला मार्लिसकडून कळलं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत भांड्यात एकच वडी उरली. आता आमच्याकडे शेवटची वडी कुणी घेत नाही. जो येईल तो तिचा अर्धा भाग कापून घेतो. मग उरलेल्याचा अर्धा. असं करत करत शेवटी नखाएवढा तुकडा उरतो आणि तो वाळून जाईपर्यंत तिथं राहतो. जेनीन आल्या, तो तुकडा पाहिला, विचारलं, "हा कुणाला हवाय?" तिथल्या चौघांनीही नको नको म्हटलं. जेनीननी तो उचलून तोंडात टाकला. चौघांच्याही माना एकदम त्यांच्याकडे वळल्या.

"काय झालं?" जेनीननी विचारलं. "तुम्हीच नको म्हणालात ना?"

"नको म्हणालो," मार्लिस म्हणाल्या, "म्हणजे काय नको होतं असं थोडंच आहे?" आणि मग त्यांनी तीनदा विचारण्याची रीत पहिल्यापासून समजावून सांगितली.

जेनीन ऐकता ऐकता खाली बसल्या. भांडं मांडीवर होतं, ते उलटं केलं. बुडाला नाव होतं. "स्कोगन," त्या म्हणाल्या. "तो दारात पंधरा मिनिटं कडीची तारीफ करत होता."

"हो ना."

"मार्लिस, मी ऑगस्टपासून एकतीस फायली पहिल्याच भेटीत बंद केल्यात! मला त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालंय!"

ते भिंतीवरच होतं. त्या दोघींनी त्याच्याकडे पाहिलं, म्हणे, आणि जेनीननी उठून ते उतरवलं.

शुक्रवारी दुपारी एकला मार्लिसचा फोन आला, तीनला ये. मी गेलो. खिशात अर्ज होता. येता येता खिडकीवर द्यायचा आणि मग बस गाठायची, असं माझं ठरलं होतं. बोलावलंय तर नाही कसं म्हणायचं, एवढ्यासाठीच मी गेलो. आत पाहतो तर बाकांवर नऊ जण. सगळ्यांच्या फायली एका भेटीत बंद झालेल्या, सगळ्यांना तीनची वेळ, जेनीन पाच-पाच मिनिटं प्रत्येकाला भेटून नव्या तारखा देणार होत्या. नवांपैकी दोघं संख्याशास्त्राच्या वर्गातली होती. त्यातल्या एकीनं मला पाहून मासिक तोंडापुढं धरलं. ते उलटं होतं.

तीन वाजता दार उघडलं. "कोण येतंय आधी?" जेनीननी विचारलं.

कुणी हललं नाही.

"तू जा," टोपीवाला एक मुलगा शेजारणीला म्हणाला.

"छे, तू आधी आलास."

"मला काही घाई नाही. यांना जाऊ द्या."

"नको नको, माझं तर एवढंसंच आहे."

सव्वातीन झाले. जेनीन दारात उभ्या, इकडून तिकडे पाहतायत, टेनिसचा सामना पाहावा तशा. साडेतीन झाले. कुणीतरी कुणालातरी खुर्ची देऊ केली आणि त्यावरून वेगळाच आग्रह सुरू झाला. मी भिंतीला टेकून उभा होतो. पायांत मुंग्या केव्हाच चढल्या होत्या, आता छातीत ठोके पडायला लागले होते. समोर जेनीनचं उघडं दार होतं, डाव्या हाताला बाहेरचं. तीन चाळीस. विद्यार्थी कार्यालयाची खिडकी इथून सात मिनिटांवर. मी मनगटावरचा दोरा ओढत राहिलो. मेंगच्या आजीचं म्हणणं मला आठवलं. माझा जीव कुठं मागं राहिला असेल तर तो समोरच्या खोलीत, त्या थंडगार खिडकीपाशी राहिला असणार, कारण तिथं सोडून मला कुठंच बसता आलं नव्हतं.

"मी जातो," मी म्हटलं.

 टोपीवाल्यानं टोपी काढली. उलट्या मासिकामागून दोन डोळे वर आले. मी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता, कुणाचा आग्रह न होता, रांगेत पुढं घुसलो होतो. कान तापले होते. मार्लिसनी टेबलामागून मान खाली घातली, पण त्या हसत होत्या.

आत जाऊन मी त्याच खुर्चीवर बसलो. खिडकी आज लावलेली होती.

"ईवार," जेनीन म्हणाल्या, "सरळ विचारते. दर आठवड्याला येशील?"

"हो."

"थांब थांब. मला आता कळलंय. इथं पहिलं उत्तर धरायचं नसतं. पुन्हा विचारते. येशील?"

"हो, येईन."

"हे बघ, मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. मार्लिस म्हणाली, तिसऱ्यांदा जे येतं ते खरं. खरंच यायचंय तुला?"

पहिली दोन 'हो' मी सभ्यपणे म्हटली होती. तिसरं म्हणायला तोंड उघडलं आणि ते बाहेरच येईना. दोनदा नको म्हणून मग घेणं मला जन्मापासून येत होतं. तीनदा हो म्हणायला मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं, आणि आवाज फाटला. "मला भीती वाटते. वर्गात वाटते, जेवताना वाटते, चालतो तेव्हाच तेवढी कमी होते. कशाची ते मला माहीत नाही. मला घरी जायचं नाहीये. मला इथं यायचंय."

मग मी रडायला लागलो. स्कोगन कुटुंबात रडण्याची पद्धत नसल्यामुळे मला ते नीट जमलं नाही. नाकातून जास्त आलं. जेनीन उठून रुमालांच्या डब्यासाठी फडताळाकडे गेल्या, टाचा उंच करून वरच्या फळीवर हात पोचवू लागल्या, पण त्या होत्या बुटक्या आणि डबा मागं सरकला होता. "थांब हं, खुर्ची आणते," त्या म्हणाल्या, "चालेल ना थांबलेलं?"

"नाही चालणार," मी म्हटलं, आणि खिशात हाताला लागला तो कागद काढून नाक शिंकरलं. दोनदा, चांगलं भरभरून. पुसून झाल्यावर पाहिलं तर तो कॉलेज सोडण्याचा अर्ज होता. माझं नाव, माझी सही, आणि 'कारण: वैयक्तिक' हे सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात चारला सहा मिनिटं कमी होती, आणि तो कागद आता कुठल्याही खिडकीवर कुणी हातात घेतला नसता.